मोबाईलमधली कुस्ती कशी शिकतात?

(इयत्ता ४ थी)



मोबाईलवर दोन माणसे समोरासमोर उभी राहून मारामारी करतात तो खेळ तुम्ही पाहिलाच असेल. पोरं त्यावर नुसती बोटं बडवतात आणि घरचे म्हणतात, "त्यात काय असतंय? दाबायच्या कळा अन् हाणायचं!" पण तसे नाही. या खेळाच्या जगभर स्पर्धा होतात आणि त्यात उतरायला लोक वर्षानुवर्षे शिकतात. ते काय शिकतात आणि कसे शिकतात ते मी या लेखात सांगणार आहे.

ही माहिती मला माझ्या आतेभावाने, म्हणजे दादाने सांगितली. तो परभणीला अकरावीत शिकतो आणि मित्राच्या घरी संगणकावर टेकन नावाचा खेळ खेळतो. काही हिशोब गुरुजींनी करून दिले. आणि जे मला समजले नाही ते आमच्या आबांनी समजावले. आबांनी हा खेळ आयुष्यात एकदाही खेळला नाही. पण तरुणपणी ते यात्रेच्या फडात कुस्त्या धरायचे, म्हणून त्यांना दादाचे बोलणे माझ्याआधी कळते.

आधी खेळ सांगते. पडद्यावर दोघे असतात. एक आपला, एक समोरच्याचा. वर दोन लांब पट्ट्या दिसतात, ती त्यांची ताकद. मार लागला की पट्टी कमी होते. ज्याची पट्टी आधी संपेल तो पडला. अशा दोन फेऱ्या जो आधी जिंकेल त्याचा सामना. काही खेळांत तीन फेऱ्या जिंकाव्या लागतात. वेळही ठरलेली असते. स्ट्रीट फायटर २ मध्ये घड्याळ ९९ पासून उलटे मोजते. वेळ संपली आणि दोघेही उभेच असले, तर ज्याची पट्टी जास्त शिल्लक तो जिंकला. बंदुकीच्या खेळात पुष्कळ जण असतात, लपायला झाडे असतात, घरे असतात. इथे लपायला जागाच नाही. म्हणून आबा त्याला कुस्तीच म्हणतात.

स्ट्रीट फायटर हा खेळ जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९८७ साली काढला. त्याचा दुसरा भाग १९९१ साली आला आणि तो जगभर गाजला. त्यात निवडायला आठ जण होते. त्या आठांत चुन-ली ही एकटीच मुलगी. पण तिच्या लाथा इतक्या झटपट आहेत की पुष्कळ मुलगेसुद्धा तिलाच घेऊन खेळतात, हे मुद्दाम सांगते. टेकन १९९४ साली आला. तोही जपानचाच. तेव्हा असे मोबाईल नव्हते. शहरात व्हिडिओ गेमची दुकाने असायची. कपाटाएवढे यंत्र, त्याला एक दांडी, चार-सहा बटणे आणि नाणे टाकायची खाच. माझे काका शिकायला शहरात होते तेव्हा तिथे जायचे. ते सांगतात, "रुपया टाकायचा. हरला की उठायचं. जिंकला तो बसून राहायचा, अन् मागं रांग लागलेली." म्हणजे फडासारखेच की! जिंकलेला पैलवान मैदानात हात वर करून फिरतो आणि पुढच्याला बोलावतो.

आता खरे शिकणे सुरू होते. या खेळात मुख्य तीन गोष्टी करता येतात. मारणे, अडवणे आणि पकडून आपटणे. दगड, कागद, कात्री आपण सगळेच खेळतो. हे तसेच आहे. समोरच्याने ठोसा मारला आणि आपण हात आडवे धरून अडवला, तर ठोसा वाया गेला. म्हणजे मारणाऱ्याला अडवणारा भारी. पण नुसता अडवून उभा राहिला तर समोरचा जवळ येतो आणि उचलून आपटतो. म्हणजे अडवणाऱ्याला पकडणारा भारी. आणि पकडायला हात पुढे केले की त्याच वेळी एक झटपट ठोसा लागतो. म्हणजे पकडणाऱ्याला मारणारा भारी. तिन्ही गोष्टी एकमेकींच्या मागे गोल फिरतात. कोणतीच एक गोष्ट कायम जिंकत नाही.

हे ऐकून आबा म्हणाले, "डावाला तोड असतेच. ढाक मारली तर तोड, पट काढला तर तोड. तोड नसलेला डाव अजून कुणी आणला नाही."

अडवण्यातही दोन प्रकार आहेत. उभे राहून अडवणे आणि बसून अडवणे. डोक्यावरचा मार उभ्याने अडतो, पायावरचा मार बसल्याने अडतो. म्हणून चांगला खेळाडू एकदा वर, दोनदा खाली, मग पुन्हा वर असा मार बदलत राहतो. समोरच्याला उठबस करायला लावतो. आमच्या वर्गात पाढे न आल्यावर होते तशी.

आता एक महत्त्वाची गोष्ट. प्रत्येक माराचे तीन भाग असतात. दादाने ते इंग्रजी शब्दांत सांगितले होते, पण आबांनी कुऱ्हाडीवर समजावले ते सोपे आहे. कुऱ्हाड आधी उचलावी लागते, मग ती लाकडावर बसते, मग रुतलेली कुऱ्हाड ओढून काढावी लागते. उचलणे, बसणे, काढणे. हलका ठोसा म्हणजे छोटी कुऱ्हाड. लवकर उचलते, लवकर निघते, पण लाकूड थोडेच तुटते. मोठी लाथ म्हणजे मोठी कुऱ्हाड. उचलायला वेळ लागतो, बसली तर दोन तुकडे, पण हुकली तर जमिनीत रुतते आणि काढता काढता वेळ जातो. तेवढ्या वेळात समोरचा आपले काम करून घेतो. नवीन पोरं सगळी मोठी कुऱ्हाडच फिरवतात. कारण ती दिसायला भारी दिसते. जुना खेळाडू एक पाऊल मागे सरतो, ती हुकू देतो आणि मग मारतो. दादा म्हणतो की पहिले सहा महिने एवढेच शिकला तरी पुष्कळ.

हा वेळ मोजतात कसा? सेकंदाने मोजून भागत नाही. पडद्यावरचे चित्र हलते असे आपल्याला वाटते, पण ते हलत नसते. एकामागून एक वेगवेगळी चित्रे झपाझप दाखवतात. वहीच्या कोपऱ्यात पानापानावर माणूस काढून पाने भराभर सोडली की माणूस पळतो ना, तसे. अशा एका चित्राला फ्रेम म्हणतात. या खेळांत एका सेकंदात ६० फ्रेम असतात. टेकनमध्ये बहुतेक खेळाडूंचा सगळ्यात झटपट ठोसा १० फ्रेममध्ये बसतो. १० फ्रेम म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. आपण "एक" म्हणेपर्यंत तो लागून गेलेला असतो.

मग प्रश्न असा की एवढ्या वेळात माणसाला बघून अडवता येते का? हे आम्ही वर्गात करून बघितले. तुम्हीही करा. त्याला ३० सेंटीमीटरची फूटपट्टी लागते, कंपासमधली १५ ची पुरत नाही. एकाने पट्टी वरून उभी धरायची, शून्याचे टोक खाली. दुसऱ्याने खाली शून्यापाशी अंगठा आणि बोट उघडे ठेवायचे, पट्टीला लावायचे नाहीत. पहिल्याने न सांगता पट्टी सोडायची. दुसऱ्याने ती पडताना बघून चिमटीत पकडायची. जिथे पकडली तो आकडा वाचायचा.

गुरुजींनी त्याचा हिशोब फळ्यावर करून दिला. पट्टी ५ सेंटीमीटरवर पकडली तर ०.१ सेकंद लागला. २० वर पकडली तर ०.२ सेकंद. ३० वर म्हणजे पाव सेकंद. इथे एक गंमत आहे. वेळ दुप्पट झाला तर पट्टी चौपट पडते, कारण पडणारी वस्तू पडता पडता जास्त जास्त जोराने पडते. आमच्या वर्गात पुष्कळ जणांची पट्टी २० च्या आसपास सापडली. काहींची तर सगळीच निसटली. २० म्हणजे ०.२ सेकंद, आणि ०.२ सेकंद म्हणजे १२ फ्रेम. ठोसा बसतो १० फ्रेममध्ये! १० फ्रेमला पकडायची तर पट्टी १४ सेंटीमीटरच्या आत सापडली पाहिजे. म्हणजे तो ठोसा नुसता बघून अडवणे बहुतेकांना जमणारच नाही. मग तो कितीही हुशार असो किंवा त्याची बोटे कितीही चपळ असोत.

म्हणून चांगले खेळाडू बघून खेळत नाहीत, ओळखून खेळतात. हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे आणि मला तो लई आवडला. झटपट माराचा आधीच अंदाज करायचा आणि सावकाश येणारा मार तेवढा बघून अडवायचा. टेकनमध्ये पायावरचे मोठे मार साधारण २० फ्रेम किंवा त्याहून जास्त घेतात. ते मुद्दाम तसे ठेवले आहेत, म्हणजे सवय झालेल्या माणसाला दिसल्यावर बसायला वेळ मिळतो.

अंदाज कसा करायचा? समोरच्याच्या सवयी बघून. दादा सांगतो की घाबरलेला माणूस सारखी एकच गोष्ट करतो. कोणी पडून उठला की दर वेळी लाथ मारतो. कोणी कोपऱ्यात सापडला की दर वेळी उडी मारतो. दोनदा तसे झाले की तिसऱ्या वेळी आपण तयार राहायचे. हे आबांना सांगितले तर ते हसले. म्हणाले, "हे आम्ही कुस्तीच्या आधीच बघायचो. त्याची आधीची कुस्ती लागली की फडाच्या कडंला बसून बघायची. पहिला हात कोणता टाकतो, डावा पाय पुढं ठेवतो का उजवा. अर्धी कुस्ती तिथंच होते." आबांचा स्वतःचा डाव एकेरी पट, म्हणजे खाली वाकून समोरच्याचा एक पाय धरून ओढायचा. सगळ्यांना तो माहीत होता. म्हणून आबा वाकल्यासारखे करायचे, समोरचा पाय मागे घ्यायचा, आणि मग आबा दुसराच डाव टाकायचे. या खेळातही हेच करतात. आधी एक सवय लावायची आणि मग ती मोडायची.

सराव. सरावासाठी खेळात एक वेगळी खोली असते. तिथे समोरचा माणूस नुसता उभा असतो, आपण त्याला कितीही मारा. एक मार लागला की तो सावरायच्या आत दुसरा, मग तिसरा, अशी साखळी करता येते. त्याला कॉम्बो म्हणतात. स्ट्रीट फायटर २ करताना तो कोणी ठरवून घातला नव्हता. खेळ तपासताना एका मारानंतर लगेच दुसरा बसतो हे बनवणाऱ्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी ते तसेच राहू दिले. आज अशा बहुतेक खेळांत तो असतो.

नवीन पोरं काय करतात, तर एका दिवसात दहा साखळ्या पाठ करायला बघतात आणि सामन्यात एकही येत नाही. दादाची पद्धत अशी. एकच साखळी घ्यायची, तीही छोटी, तीन मारांची. ती ओळीने दहा वेळा बिनचूक आली पाहिजे. नवव्या वेळी चुकली तर पुन्हा एकपासून. मग बाजू बदलायची. आपण डावीकडे असताना जी कळ पुढे जायची असते ती उजवीकडे गेल्यावर मागे जायची होते, त्यामुळे सगळे उलटे होते. पुष्कळांना एकाच बाजूने येते. आबा म्हणाले, "एकाच अंगाचा पैलवान अर्धा पैलवान."

दादाजवळ एक दोनशे पानी वही आहे. त्यात तो जिंकलेले सामने लिहीत नाही. फक्त हरलेले लिहितो, आणि समोर कारण. कशाने मार बसला, तेव्हा मी काय करत होतो, त्याची तोड काय. मी वही चाळून बघितली. एका पानावर एकच वाक्य सात वेळा होते, "उठताना लाथ मारली, त्याने अडवली." आठव्या ओळीत लिहिले होते, "उठताना गप्प बसलो. वाचलो." आबांचे वस्तादही असेच करायचे म्हणे. पडलेल्या पोराला आधी पाणी नाही, आधी प्रश्न. "कामून पडलास ते सांग." सांगता आले तरच पुढची कुस्ती. समोरचा लई ताकदवान होता असे उत्तर दिले तर पन्नास बैठका जास्त.

आता ऑनलाइनचे सांगते. ऑनलाइन म्हणजे एक खेळाडू आपल्या गावात आणि दुसरा मुंबईत किंवा आणखी कुठे असतो. पुष्कळ जणांना वाटते की इकडचे चित्र तिकडे जाते, जसे व्हिडिओ कॉलमध्ये जाते. या खेळात तसे होत नाही. दोघांच्या यंत्रावर खेळ वेगवेगळा चालतो. एकमेकांना फक्त एवढेच कळवले जाते की मी आत्ता कोणती कळ दाबली. त्यामुळे डेटा थोडाच लागतो. पण निरोप पोचायला वेळ लागतो. त्या निरोपाच्या जाण्यायेण्याच्या वेळाला पिंग म्हणतात आणि तो सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. पिंग १०० असला तर सहा फ्रेम गेल्या. ठोशाचा निरोप एकाच बाजूने जातो, म्हणजे दहा फ्रेमच्या ठोशात तीन फ्रेम रस्त्यातच! आपल्याकडे संध्याकाळी सगळे गाव मोबाईल घेऊन बसते तेव्हा टॉवरवर गर्दी होते आणि पिंग वाढतो. पहाटे कमी असतो. लाईट गेल्यावर तर विचारूच नका.

पूर्वी असे करायचे की निरोप येईपर्यंत खेळ थांबवून धरायचा. मग कळ दाबल्यावर माणूस उशिराने हलायचा. चिखलात पाय रुतल्यासारखा. अमेरिकेतला टोनी कॅनन नावाचा माणूस या खेळाचा वेडा होता. २००६ साली त्याने यावर एक तोडगा काढला. त्याला रोलबॅक म्हणतात. तो लेझमीवरून सांगते. आपण लेझीम खेळताना मधेच हलगी ऐकू आली नाही तर थांबतो का? नाही. ठेका तोच चालू आहे असे धरून पुढे खेळतो. पुन्हा हलगी ऐकू आली आणि ठेका तोच असला तर कोणाला कळतही नाही. बदललेला असला तर पटकन पाऊल सावरून घेतो. रोलबॅक हेच करतो. निरोप आला नाही तर समोरचा मघाशी जे करत होता तेच करतो आहे असे धरून खेळ पुढे नेतो. निरोप आल्यावर अंदाज चुकला असला, तर काही फ्रेम मागे जाऊन दुरुस्त करतो आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत परत येतो. म्हणजे बघा, खेळाडू अंदाज करतात आणि यंत्रही अंदाज करते!

तरी मोठ्या स्पर्धा शेजारी शेजारी बसवूनच घेतात. आता मोठ्या खेळाडूंविषयी.

इव्हो नावाची या खेळाची मोठी स्पर्धा अमेरिकेत भरते. २००४ साली तिथे जपानचा दाइगो उमेहारा आणि अमेरिकेचा जस्टिन वाँग यांचा सामना झाला. दाइगोची पट्टी इतकी थोडी उरली होती की मोठा मार साधा अडवला असता तरी तो संपला असता. जस्टिनकडे तीच आपली चुन-ली होती. तिने लागोपाठ १५ लाथांचा मार सोडला. त्या खेळात एक अवघड युक्ती आहे. मार बसायच्या नेमक्या क्षणी कळ पुढे ढकलली तर मार अजिबात लागत नाही. वेळ जरा चुकली तर गेला. दाइगोने पंधराच्या पंधरा लाथा तशा झेलल्या आणि उलट मारून सामना जिंकला. पहिल्या लाथेला तर ती दिसायच्या आधीच कळ ढकलावी लागते, म्हणजे ती येणार हे त्याने ओळखलेच होते. एवढे करून ती स्पर्धा मात्र तो जिंकला नाही. अंतिम सामन्यात हरला. पण वीस वर्षांनंतरही लोक त्या लाथांचीच गोष्ट सांगतात. जिंकला कोण होता ते दादाला सुद्धा शोधून सांगावे लागले.

पाकिस्तानच्या लाहोरचा अर्सलान अ‍ॅश हा टेकनचा खेळाडू. लाहोरच्या व्हिडिओ गेमच्या दुकानांत तो शिकला. २०१९ साली जपानमधल्या इव्होत तो आला तेव्हा बाहेरच्या देशात त्याला फारसे कोणी ओळखत नव्हते. जिंकला! त्याच वर्षी अमेरिकेतली इव्होही जिंकली. नंतर २०२३, २०२४ आणि २०२५ सालीही. पहिल्यांदा जिंकल्यावर त्याने सांगितले की आमच्याकडे अजून चांगले खेळाडू आहेत, तुम्ही त्यांना बघितलेले नाही. मला वाटते की त्याचा फड चांगला होता म्हणून तो तयार झाला. रोज ज्याच्याशी खेळायचा तो तगडा असेल तर आपणही तगडे होतो.

आपल्या देशाचेही सांगते. डिसेंबर २०२२ मध्ये भारत सरकारने ई-स्पोर्ट्स, म्हणजे स्पर्धेचे व्हिडिओ खेळ, हे खेळांमध्ये धरले. २०२३ साली चीनमधल्या हांगझोऊ शहरात आशियाई खेळ झाले. कबड्डी, कुस्ती होती त्याच मेळ्यात स्ट्रीट फायटर ५ ची स्पर्धा होती. भारताकडून मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास खेळले. पदक मिळाले नाही. सुवर्णपदक मिळाले दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांना, आणि त्यांचे वय होते ४४! आमच्या वर्गातल्या पुष्कळ मुलांचे वडीलही एवढे मोठे नसतील. म्हणजे चपळ बोटे लहान पोरांचीच असतात आणि मोठे लोक हरतात, असे काही नाही. ओळखणे ज्याचे पक्के तो जिंकतो.

आता पालकांसाठी थोडे लिहिते, कारण पालक सभेत मोबाईलचा विषय निघाला होता आणि सगळे खेळ एकाच पोत्यात घातले होते.

फडात जोड लावतात तेव्हा पंच काय बघतात? वजन, उंची, वय. चाळीस किलोच्या पोरासमोर साठ किलोचा उभा केला तर लोक ओरडतात, "जोड नाही, जोड नाही!" टेकन किंवा स्ट्रीट फायटरच्या स्पर्धेत जोड बरोबर असते. मी चुन-ली घेतली आणि तुम्हीही चुन-ली घेतली तर दोघींची ताकद सारखी. दहा वर्षांची मुलगी आणि ४४ वर्षांचा माणूस सारख्या मैदानात उभे राहतात. पण मोबाईलवरच्या पुष्कळ फुकट खेळांत तसे नसते. तिथे पैसे देऊन चांगले चिलखत, चांगली तलवार घेता येते. ज्याने पैसे भरले त्याची तलवार आपल्यापेक्षा दुप्पट लागते. मग कितीही शिकलो तरी काय उपयोग? ही कुस्ती नव्हे. असा खेळ सारखा सांगतो की पेटी उघडा, नाणी घ्या, आजच स्वस्त आहे. ती पेटी दिसली की ओळखावे. माझ्या मते त्या खेळात शिकण्यासारखे थोडे आणि खर्च करण्यासारखे फार असते.

आणि तिसरा प्रकार म्हणजे पैसे लावून खेळायचे पत्ते वगैरे. ते वेगळेच. त्यात कोणाचे काय गेले ते मी इथे लिहीत नाही, गावात सगळ्यांना माहीत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला. त्या कायद्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स त्यापासून वेगळे ठेवले. म्हणून घरात लेकरू मोबाईल घेऊन बसले तर नुसते ओरडण्याऐवजी खेळ कोणता ते विचारावे. समोर कोण आहे, जोड बरोबर आहे का, पैसे मागतो का. एवढे तीन प्रश्न आबांनी दादाला विचारले होते. तिसऱ्याचे उत्तर "नाही" आले तेव्हा त्यांनी चष्मा लावून पूर्ण सामना बघितला.

किती वेळ खेळावे यावर आमच्या घरात एकमत नाही. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे २०२२ साली गावाने ठरवले की संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद, मुलांनी अभ्यास करायचा. मोठ्यांनीही बंद ठेवायचा, हे मला फार आवडले. दादा म्हणतो की शिकणाऱ्याला रोज पाऊण तास पुरतो. पंधरा मिनिटे साखळी, अर्धा तास सामने, आणि वही लिहायची. त्याच्यापुढे बोटे चालतात पण डोके थांबते आणि माणूस उठताना पुन्हा लाथ मारायला लागतो. आईचे म्हणणे आहे की पाऊण तासही जास्त, त्यापेक्षा हळदीचे पोते शिवायला या. आबा काही बोलत नाहीत, कारण ते म्हणे यात्रेच्या आधी दोन महिने दिवसभर आखाड्यातच असायचे.

फूटपट्टी या भित्तिपत्रकाच्या उजव्या बाजूला खिळ्याला दोऱ्याने अडकवली आहे. पालकांनीही करून बघावे. प्रत्येकाला तीन वेळा संधी. सोडणाऱ्याने "एक, दोन, तीन" म्हणायचे नाही, नाहीतर ते ओळखणे होते, बघणे होत नाही. आपला आकडा खालच्या कोऱ्या कागदावर लिहावा, पेन्सिल गुरुजींच्या टेबलावर आहे. आत्तापर्यंत सगळ्यात कमी आकडा १५ आहे आणि तो आपल्या शाळेत खिचडी करणाऱ्या मावशींचा आहे.